आठ बाय आठची गोधडी, दहा बाय बाराचा हॉल

डबलबेडची गोधडी घरी हाताने शिवतेय म्हटलं की बहुतेक जणी पहिलं विचारतात, एवढे टाके घालायचा कंटाळा नाही का येत गं? टाक्यांचा नाही येत, खरंच. टाके घालणं हा त्यातला सगळ्यात सुखाचा भाग आहे. जड जातं ते बाकीचं सगळं, म्हणजे एवढं कापड अंथरायचं कुठे, चार थर एकमेकांवर सरळ बसवायचे कसे, शिवताना ते ओढलं जाऊ नये म्हणून काय करायचं, संध्याकाळी घरातली माणसं आली की ते ठेवायचं कुठे, आणि शेवटी धुतल्यावर ते ओलं धूड उचलायचं कोणी. बाळाचं दुपटं मांडीवर शिवून होतं, एका माणसाची गोधडी पलंगावर पसरून कशीतरी होते, पण आठ फूट बाय आठ फूट झालं की तुमच्या हाताचं काम कमी आणि जागेचं, वजनाचं काम जास्त होतं. मी या उन्हाळ्यात हे सगळं केलं, माझ्या मामीच्या मदतीने, आणि ते कसं केलं ते सविस्तर लिहितेय कारण मला सुरुवातीला नेमकं हेच कुठे सापडत नव्हतं, टाक्यांचे फोटो भरपूर मिळतात पण जमिनीवरच्या कामाबद्दल कोणी बोलत नाही.

कापड सासूबाईंच्या नऊवारींचं. त्या आता घरात गाऊन वापरतात आणि ट्रंकेत सुती लुगडी नुसती घडी करून पडली होती, त्यांनीच काढून दिली, म्हणाल्या पांघरायला तरी येऊ देत. मामी माण तालुक्यातली, तिने आयुष्यभर वाकळा (तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात) शिवल्यात, ती महिनाअखेरीला आमच्याकडे पुण्याला आली आणि आल्या आल्या आधी हॉल बघितला, कापड नंतर.

आता लुगड्याचा हिशोब आधी सांगते कारण मोठ्या गोधडीत कापड कुठे जोडायचं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. नऊ वार म्हणजे साधारण 8.2 मीटर. आमच्या लुगड्यांचा पन्हा, म्हणजे रुंदी, 48-49 इंच निघाला. अडीच अडीच मीटरचे तीन तुकडे एका लुगड्यातून निघतात आणि वर थोडं उरतं. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की 96 इंचाच्या आसपास रुंदी झाली, म्हणजे गोधडीचा एक थर. चार थर हवे असतील तर आठ तुकडे, तीन लुगड्यांत बसायला हवेत, पण जुनं लुगडं सगळीकडे सारखं नसतं, बसण्याच्या जागेचं कापड विरलेलं असतं, उजेडात धरलं की आरपार दिसतं, ते वगळावं लागतं म्हणून चार लुगडी धरून चालायचं. विरलेला भाग फेकायचा नाही, तो आतल्या थरात मजबूत तुकड्याच्या समोर आला तर चालतो, फक्त दोन विरलेले भाग एकावर एक येऊ द्यायचे नाहीत.

आणि इथेच पहिली खरी अडचण आहे. प्रत्येक थर दोन पन्ह्यांचा, म्हणजे प्रत्येक थराला बरोबर मधोमध जोड. चार थर एकावर एक ठेवले की चारही जोड एकाच रेषेवर येतात आणि तिथे सुई शिरतच नाही, आठ पदरी दाब तयार होतो, वर तो पाठीला टोचतो. मामीने यावर जे केलं ते मला फार आवडलं. खालच्या अस्तराला मधोमध जोड ठेवला. त्यावरच्या थराला एक तुकडा उभा चिरून दोन अर्धे केले आणि ते अर्धे एका पूर्ण तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लावले, म्हणजे जोड मधून सरकून पाव-पाव अंतरावर गेले. तिसरा थर तिने अख्खा आडवा फिरवून टाकला, त्याचा जोड आडवा आला. आणि वरचा थर तर ठिगळांचाच होता त्यामुळे तिथे जोड सगळीकडे विखुरलेले. एवढं केल्यावर पूर्ण गोधडीत कुठेही हात फिरवा, गाठाळ लागत नाही.

कापड कात्रीने कापायचं नाही, जरासा काप देऊन टर्रकन फाडायचं. फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं त्यामुळे तुकडा सरळ मिळतो, कात्रीने तिरकं जाऊ शकतं आणि तिरकं गेलेलं कापड ताणतं, आठ फुटांत हे ताणणं दिसतं. काठ आधी उसवून, फाडून वेगळे ठेवायचे, ते शेवटी लागतात. जरीचा पदर असेल तर तो काढायचाच, टोचतो.

दोन कापडांबद्दल शंका होती की सुती आहेत की मिक्स, त्यांचा एकेक धागा काढून जाळून बघितला. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. एक कापड मणीवालं निघालं, ते बाजूला ठेवलं. पॉलिस्टर वाईट म्हणून नाही, पण ते आटत नाही आणि शेजारचं सुती आटतं, मग धुतल्यावर चुण्या पडतात त्या कायमच्या. याच कारणाने नवीन मांजरपाट (जाडंभरडं कोरं सुती कापड) अस्तराला लावणार असाल तर ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून घ्या. जुनी लुगडी शेकडो वेळा धुतलेली असतात, त्यांचं बरंचसं आटून झालेलं असतं, नवीन कापडाचं व्हायचं असतं.

आता जमीन. आमचा हॉल दहा बाय बारा. सोफा बेडरूममध्ये गेला (बेडवर चढवावा लागला, दुसरीकडे जागाच नव्हती), टीपॉय बाल्कनीत, टीव्ही भिंतीवर असल्यामुळे वाचला. हे सगळं नवऱ्याने आणि मुलाने शनिवारी सकाळी केलं. फरशी आधी पुसून पूर्ण कोरडी करून घेतली. आमच्याकडे दोन बाय दोनच्या टाइल्स आहेत आणि हे मला फार उपयोगी पडलं, चार फरश्या बाय चार फरश्या म्हणजे जवळजवळ आठ बाय आठ, फरश्यांच्या रेघा आयत्या काटकोनात असतात, त्या रेघेला कापडाची कड लावली की आपोआप सरळ. तरी शेवटी दोन्ही तिरपी मापं घेऊन बघायची, या कोपऱ्यापासून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही सारखी आली तरच चौकोन खरा चौकोन आहे. आठ फुटाच्या चौकोनात हे तिरपं माप साधारण अकरा फूट चार इंच येतं, शिंप्याची टेप पुरत नाही, सुतारी टेप घ्या किंवा सरळ सुतळी लावा, सुतळीला आकडे नकोतच, दोन्ही वेळा सारखी भरली की झालं.

सगळ्यात खालचं अस्तर उलटं अंथरलं आणि चारही बाजूंनी मास्किंग टेपने फरशीला चिकटवलं. ताणून नाही, नुसतं सपाट राहील इतपतच. ताणून चिकटवलं तर टेप काढल्यावर ते परत आखडतं आणि वरचे थर सुरकुततात. मामीच्या गावी शेणाने सारवलेली जमीन, तिथे टेप कुठली, कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवायचे. पंखा बंद करायचा, हे मी मुद्दाम लिहितेय, एप्रिलच्या दुपारी कोणालाही पंखा बंद करावासा वाटत नाही पण विरलेलं लुगडं पंख्याच्या वाऱ्याने एका कोपऱ्यातून उचललं की तीन थरांची मांडणी जाते.

दुसरा थर टाकायला आम्ही पाईप वापरला. प्लंबिंगच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाईप आणला होता, साडेआठ फूट कापून, लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने आणावा लागला. प्रत्येक थर त्या पाईपवर गुंडाळायचा, एका कडेला बसवायचा आणि हळूहळू उलगडत न्यायचा, मागून दुसरीने तळव्याने सपाट करत यायचं. असं केल्याने मध्ये हवा राहत नाही आणि तुम्हाला मांडलेल्या कापडावरून रांगत जावं लागत नाही. मामीला हा पाईपचा प्रकार नवीन होता. तिने एकदा केला आणि म्हणाली, "ह्ये ब्येस हाय की गं, आमी चौघीजणी चार कोपरं धरून झुलवायचो." चार माणसं असतील तर तेही उत्तम आहे, पण फ्लॅटमध्ये भर दुपारी चार माणसं कुठून आणणार.

यानंतरचं काम म्हणजे कच्चे टाके, आणि माझं स्पष्ट मत आहे की मोठी गोधडी इथेच बनते किंवा बिघडते. लहान गोधडीत पाच-पन्नास सेफ्टीपिना लावून भागतं. मोठीत ती पुढचे कितीतरी दिवस गुंडाळली जाणार, उलगडली जाणार, तिच्यावर बसलं जाणार, तेवढ्यात पिना वाकतात, उघडतात, आणि पावसाळी हवा असेल तर गंजून कापडावर तांबडे डाग पाडतात. म्हणून दोऱ्याने टाचायचं. मधून सुरुवात करून चारी दिशांना, मग आडव्या-उभ्या ओळी, प्रत्येक ओळीत एक वीत अंतर, टाका तीन-चार बोटं लांब. दोरा वेगळ्या रंगाचा म्हणजे नंतर काढताना दिसतो, पण गडद लाल-निळा नको, रंग सुटला तर संपलं, आम्ही फिका पिवळा घेतला. टाइलवर सुईचं टोक घसरतं आणि बोथट होतं, त्यावर उपाय म्हणजे डाव्या हातात स्टीलचा चमचा धरायचा, सुई खालून वर येताना टोक चमच्याच्या कडेवर घ्यायचं आणि चमच्यानेच ते वर उचलायचं. बोटं वाचतात, वेग दुप्पट होतो.

गुडघ्यांचं काय? हे काम ओणवं होऊनच करावं लागतं. आम्ही अर्ध्या अर्ध्या तासाने उठत होतो, खाली जुनी योगा मॅट दुमडून घेतली होती. ज्यांना जमिनीवर बसताच येत नाही त्यांनी दोन डायनिंग टेबलं जोडून हे करावं, कापड टेबलाच्या काठांवरून सारखं खाली लोंबू द्यायचं आणि मधला भाग टाचून झाला की पुढे सरकवायचं. टेबलाला क्लिपा लावाव्या लागतात कारण लोंबणारं वजन थर ओढतं. होतं, पण जमिनीइतकं सपाट होत नाही.

टेप काढली आणि आता खरं शिवणं. इथे माझा आणि मामीचा मतभेद होता. मी इंटरनेटवर जेवढं बघितलं होतं त्यात सगळे सांगतात की मधून सुरुवात करा आणि बाहेर जा, म्हणजे जादा कापड कडेकडे ढकललं जातं आणि मध्ये फुगा येत नाही. आणि मामी, तिची आई, तिची सासू, सगळ्यांनी कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या मारत मध्ये आणून संपवलं. तिला मी विचारलं की मग मध्ये फुगा कसा येत नाही, तर तिला प्रश्नच कळेना, कारण तिच्या वाकळेत कधी आला नव्हता. मग ती शिवायला बसली आणि मला कळलं. ती गोधडीवर बसते. गोधडी पुढे घेऊन नाही, अक्षरशः तिच्यावर मांडी घालून, आणि समोरची दीड वीत जागा शिवते, मग अंगासकट मागे सरकते. तिचं स्वतःचं वजन चारही थर दाबून धरतं. डावा तळवा सतत पुढचं कापड सपाट करत असतो, टाका घालायच्या आधी प्रत्येक वेळी. मी मांडीवर ओढून घ्यायला गेले तर म्हणाली, "आगं वर बस की तिच्या, घाबरतीस कशाला? मांडीवर घेतलीस की वढ बसती." मांडीवर घेतलं की गोधडीचा बाकीचा सगळा भार त्या जागेला ओढत राहतो, प्रत्येक थर वेगळा ओढला जातो आणि तिथेच चुण्या सुरू होतात. जमिनीवर पसरून वर बसलं की वजन कुठेच लटकत नाही, ते फरशीवर टेकलेलं असतं. मधून बाहेर की बाहेरून मध्ये, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला. टेबलावर किंवा मशीनवर करणाऱ्यांना मधूनच सुरुवात करावी लागेल, पण जमिनीवर, घट्ट टाचलेली, वर बसून शिवलेली गोधडी कडेपासून सुरू केली तरी सपाट येते. शिवाय जुनं कापड इतकं मऊ असतं की थोडं जादा राहिलं तर ते दोन टाक्यांच्या मधल्या बारीक लाटांमध्ये वाटलं जातं, आणि त्या लाटांमुळेच तर गोधडी गोधडीसारखी दिसते.

दोन ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवलं. हिशोब करून बघा, आठ फुटाच्या चौकोनात एकेक इंच आत येत फेऱ्या मारल्या तर धावदोऱ्याची एकूण लांबी 240 मीटरच्या आसपास जाते. इंचाला तीन टाके म्हटले तरी अठ्ठावीस हजार टाके. अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर हे सगळं दुप्पट. हाताने शिवलेल्या मोठ्या गोधडीची किंमत ऐकून लोक घासाघीस करतात ना, त्यांना हा आकडा सांगायला हवा. ज्या बायका ऑर्डरवर या गोधड्या शिवून देतात त्यांच्या कंबरेचं आणि डोळ्यांचं मोल त्या किमतीत बहुतेक वेळा धरलेलंच नसतं, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

दोरा हातभरच घ्यायचा, सारखा ओवायला नको म्हणून लांब घेतला की तो चार थरांतून जाऊन जाऊन पिंजतो, गुंता होतो. सासूबाईंनी दोऱ्याला मेण लावायचं काम घेतलं होतं, साध्या मेणबत्तीवरून दोरा दोनदा ओढायचा, पांढरा गोधडीचा जाड दोरा, तो मग सुळकन जातो. गाठ वर ठेवायची नाही, हलका हिसका देऊन आतल्या थरात न्यायची. जिथे जोड येतो तिथे सुई अडकते आणि ओढताना बोटं घसरतात, तिथे सायकलच्या ट्यूबचा एक बोटभर तुकडा, त्याने सुई पकडायची. अंगुस्तान (सुई ढकलायची धातूची टोपी) उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, पहिल्या दिवशी अडचण वाटते, तिसऱ्या दिवसानंतर त्याच्याशिवाय बसवत नाही.

दोघींनी मिळून शिवताना एक गोष्ट सांभाळावी लागली. मामीचा टाका लहान आणि घट्ट, माझा लांब आणि सैल. समोरासमोर बसून एकेक बाजू घेतली तर एक बाजू आखडते, दुसरी मोकळी राहते आणि चौकोन हळूहळू वाकडा होतो. म्हणून प्रत्येक फेरीला आम्ही जागा बदलल्या, म्हणजे चारही बाजूंना दोघींचेही टाके सारखे आले. गावाकडे चार-पाच जणी एका वाकळेला बसतात तेव्हाही असंच फिरतात म्हणाली, आणि तिकडे हे काम चैत्र-वैशाखातच होतं, शेतातली कामं उरकलेली, ऊन कडक, पावसाच्या आत संपवायचं.

रोज संध्याकाळी पसारा आवरणं हे मला टाक्यांपेक्षा जास्त थकवणारं वाटलं, पण पाईपमुळे तेही बसलं. घडी घालायची नाही, घडीच्या रेषेवर थर सरकतात. पाईपवर सैलसर गुंडाळायची, वरून जुनी चादर, आणि दोघींनी उचलून बेडखाली सरकवायची. सकाळी परत उलगडायची. साडेआठ फुटांचा पाईप बेडखालून फूट-दीड फूट बाहेर येतो, त्याला पाय लागू नये म्हणून टोकाला लाल रुमाल बांधून ठेवला होता. ठिगळांच्या थरासकट चारही थर मिळून वजन तीन किलोच्या आसपास गेलं, ऐकायला कमी वाटतं, पण आठ फूट पसरलेलं तीन किलो एकटीने उचलून बघा.

मध्ये मामीला गावी जावं लागलं, तिच्या नातवाची परीक्षा, तेव्हा मी एकटीच होते. एकटीने जमिनीवर उलगडणं शक्य आहे पण नको वाटायचं, म्हणून त्या दिवसांत मी खिडकीजवळ खुर्चीत बसून शिवलं, डाव्या बाजूला इस्त्रीचा टेबल माझ्या मांडीच्या उंचीला आणून लावला, उजवीकडे स्टूल, सगळा भार त्या दोघांवर टेकवला आणि फक्त शिवायचा तुकडा मोकळा ठेवला. जमिनीचंच तत्त्व, फक्त वर उचललेलं. कच्चे टाके घट्ट असल्यामुळे काही सरकलं नाही. उजेड डावीकडून यायला हवा (मी उजवी आहे), नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते.

मशीनवर का नाही केलं, हे खूप जणींनी विचारलं. ठिगळं जोडायला मशीनच वापरलं, माझं जुनं पायमशीन आहे. पण चार थर एकत्र शिवायला घरगुती मशीनची सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये सहा-सात इंचाचीच जागा असते. गोधडीची मधली ओळ शिवायची तर अर्धी गोधडी, चार फूट, गुंडाळून त्या सहा इंचात कोंबावी लागते. वरून मशीनचे दाते खालचा थर पुढे ढकलतात आणि वरचा थर पायाखाली मागे राहतो, म्हणून चुण्या. वॉकिंग फूट नावाचा मशीनला लावायचा वेगळा पाय मिळतो, तो वरचा थरही बरोबरीने ढकलतो, त्याने बराच फरक पडतो. अमेरिकेत माझी मैत्रीण क्विल्ट करते, ती वरचा भाग स्वतः जोडते आणि थर शिवायला लाँगआर्म मशीनवाल्यांकडे देते, मोठी फ्रेम असते, कापड स्थिर राहतं आणि मशीन फिरतं, पैसे चौरस इंचावर. इकडे ती सोय माझ्या माहितीत जवळपास नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला हाताच्या टाक्याचाच मऊपणा हवा होता. मशीनची शिवण दोन्ही बाजूंनी घट्ट धरते, जुनं विरलेलं लुगडं त्या रेषेवर लवकर फाटतं.

पण ज्यांच्याकडे आठ बाय आठ मोकळी जमीनच नाही त्यांच्यासाठी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची पद्धत सांगते, त्यांनी तीन पट्ट्यांत केली. प्रत्येक पट्टा 32-33 इंच रुंद, पूर्ण लांबीचा, थर मांडून, टाचून, शिवून पूर्ण करायचा, फक्त जोडायच्या कडेला दोन दोन इंच न शिवता सोडायचं. मग दोन पट्ट्यांचे वरचे थर मशीनवर जोडायचे, आतले थर एकमेकांवर न चढवता कडेला कड लावून कापायचे, खालच्या अस्तराची एक कड दुसरीवर दुमडून तुरपाई करायची, आणि सोडलेल्या जागेतले टाके शेवटी पूर्ण करायचे. एक पट्टा मांडीवर, खुर्चीत, बसमध्येसुद्धा शिवता येतो. तीनच्या जागी चार पट्टे केले तरी चालतात. सगळ्या फेऱ्या एकसंध दिसत नाहीत, उभ्या ओळी घालाव्या लागतात, पण अंगावर घेतल्यावर फरक कळत नाही, मी त्यांच्याकडची पांघरून बघितली आहे.

शेवटच्या फेऱ्या मध्यभागी आल्या तेव्हा मामी परत आली होती. शिवून झाल्यावर गोधडी आखडते, आमची 96 ची 93 इंचांच्या आसपास आली, म्हणून कड कापायची ती सगळं शिवल्यावरच, आधी नाही. किनारीला तेच वेगळे ठेवलेले काठ. चारही बाजू मिळून सुमारे साडेनऊ मीटर लागतात, आणि एका लुगड्याला दोन काठ, प्रत्येकी आठ मीटरच्या वर, म्हणजे एकाच लुगड्याच्या काठात पूर्ण गोधडीला किनार होते आणि उरतंही. सासूबाईंनी हिरव्या लुगड्याचा लाल काठ निवडला, तो त्यांच्या पहिल्या मंगळागौरीचा. काठ दुपदरी दुमडून, कोपऱ्यावर तिरपी घडी घालून, बारीक टाक्यांनी. काठ मुळातच घट्ट विणलेला असतो त्यामुळे सगळ्यात जास्त घासली जाणारी कड त्याने टिकते.

मग कच्चे टाके काढणं. हे दोघींनी चहा घेत घेत केलं, फार छान वाटतं ते, पिवळे दोरे निघत जातात आणि खालची लाट वर येते.

धुण्याबद्दल लिहायलाच हवं कारण मोठ्या गोधडीची खरी परीक्षा तिथे. आमचं वॉशिंग मशीन सात किलोचं आहे, कोरडं तीन किलो म्हणून बसते, पण पाणी पिऊन तिचं वजन दुपटीच्याही वर जातं. जंटल सायकल, गार पाणी, थोडीच पावडर, आणि एकटीच गोधडी, दुसरं काही नाही. बाहेर काढताना एका कोपऱ्याला धरून ओढायची नाही, दोन्ही हातांनी खालून आधार देऊन मोठ्या टबात घ्यायची. एका दोरीवर टाकायची नाही, सगळं ओलं वजन त्या एका रेषेवर येतं आणि टाके तुटतात. एक तर दोन-तीन दोऱ्यांवर मिळून पसरा, नाहीतर आम्ही केलं तसं गच्चीवर चटई, चटईवर जुनी चादर, त्यावर गोधडी सपाट, दुपारी उलटी. रंग टिकवायचा असेल तर उलटी बाजू उन्हाला. गच्चीच्या किल्लीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. वर्षातून दोनदा धुणं पुरे, मधल्या काळात नुसतं ऊन दाखवायचं.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती पिशवीत किंवा जुन्या चादरीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, एकाच घडीवर कापड चिरतं. आमची मात्र अजून कपाटात गेलीच नाहीये, सासूबाई दुपारी तीच घेतात, एवढ्या उकाड्यातही, पायांवर.

मुलीला हॉस्टेलला न्यायला आता एक हवी आहे, ती सिंगलबेडची, साठ बाय नव्वद इंच, आणि ती मी काकूंच्या पद्धतीने दोन पट्ट्यांत करणार आहे, कारण सोफा परत बेडवर चढवायला घरात कोणी तयार नाही. लुगडी आणखी दोन आहेत. मामी दिवाळीनंतर येते म्हणाली, तोपर्यंत थर फाडून, जोडून तयार ठेव असं बजावून गेली आहे.